वासराला चीक, बाळाला गुळाचं पाणी

गाय व्यायली की घरात काय धांदल उडते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. रात्रीचे दोन वाजलेले असोत की बाहेर पाऊस कोसळत असो, घरधनी बॅटरी घेऊन गोठ्यात हजर असतो. वासराच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा, गोणपाटानं अंग खसाखसा पुसायचं, गाईला चाटू द्यायचं आणि तासाभराच्या आत त्याचं तोंड कासेला लावायचं. थंडीचे दिवस असले तर अंगावर पोतं टाकायचं. पहिला चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर ते हगवणीनं जातं, हे कुणाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आता त्याच घरातल्या सुनेचं बाळंतपण आठवा. आजचं नव्हे, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं. बाळ जन्मलं की वार पडेपर्यंत उघडंच जमिनीवर. मग लगेच अंघोळ. आईला पहिल्यांदा येणारा पिवळसर चीक म्हणजे घाण, तो पिळून टाकायचा. तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी नाहीतर मधाचं बोट. चौथ्या दिवशी छातीला लावायचं. आणि एवढं सोसून बाळ गार पडलं, दूध ओढेनासं झालं, की "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून अंगारा. गाईच्या वासराला जे ज्ञान लावलं, ते स्वतःच्या लेकराला लावायचं राहून गेलं. आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात हे खरं. पण दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मधाचं बोट अजूनही काही घरांत चालतं, आणि ते चालतं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मागे एका गावात चावडीवर हा विषय निघाला. एक आजीबाई पुढे सरसावून म्हणाल्या, "आमच्या येळंला कुठं होती ही थेरं? आमची पाच पोरं अशीच वाढली की रं बाबा."

मी विचारलं, "आजी, बाळंतपणं किती झाली तुमची?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सात. पहिली दोन देवानं नेली. एक सवा महिन्याचं हुतं. दुसऱ्याचं नावबी ठेवलं नव्हतं."

चावडीवर पुढे कुणी काही बोललं नाही.

जगात पाच वर्षांच्या आत जी मुलं दगावतात, त्यांतली जवळजवळ निम्मी पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. म्हणजे नाव ठेवायच्या आसपास. गरीब देशांत हा आकडा कमी कसा करायचा, यावर मोठमोठ्या शहरांत मोठमोठ्या परिषदा भरल्या. मोठी रुग्णालये बांधा, काचेच्या पेट्या आणा, तज्ज्ञ डॉक्टर नेमा, असे सल्ले निघाले. वेगळं उत्तर मात्र निघालं ते आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात. तिथे काय झालं, कसं झालं, ते आपल्या सरपंच-ग्रामसेवकांनी मुळातून समजून घेण्यासारखं आहे.

एका मुलाच्या मरणाची अठरा कारणं

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा. १९८२ साली चंद्रपूरपासून तो वेगळा झाला होता. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारी गावं. डॉ. बंग एक प्रसंग भाषणांतून नेहमी सांगतात. पावसाळ्याच्या एका संध्याकाळी एक तरुण आई अत्यवस्थ बाळ घेऊन त्यांच्या घरी धावत आली. मूल म्हणजे नुसता हाडांचा सापळा. त्यांनी तपासायला घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते गेलं. पुढे ते मूल का मेलं याची कारणं त्यांनी मांडली, तेव्हा ती अठरा निघाली. गरोदरपणातली उपासमार, आजारपण, बाळाला पाजलेलं पाणीदार दूध, मांत्रिकाकडे गेलेला वेळ, मध्ये पूर आलेली नदी, नदीवर नसलेला पूल. एकाला एक जोडलेली साखळीच.

अशी यादी वाचली की माणूस हातपाय गाळतो. गरिबी कधी जायची, पूल कधी व्हायचा, मग तोवर मुलं मरायचीच का? पण साखळी तोडायची तर सगळ्या कड्या तोडाव्या लागत नाहीत. कुठली तरी एक कडी तुटली तरी साखळी तुटते. गडचिरोलीच्या कामाचं मर्म मला तरी यातच दिसतं. सगळ्यात लवकर तुटेल अशी कडी त्यांनी शोधली, आणि ती तोडायला गावातलीच बाई उभी केली.

सुरुवात न्यूमोनियापासून झाली, १९८८ साली. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा? एक्स-रे नाही, डॉक्टर नाही. ओळखायची खूण मात्र साधी आहे. मूल शांत असताना एका मिनिटात श्वास किती वेळा घेतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, आणि वर्ष ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले, तर ते साधं सर्दी-पडसं नव्हे. अडचण अशी की गावातल्या सुईणींना एवढं मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी केली आणि जोडीला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई त्या पाटीवर निदान करू लागली आणि औषध देऊ लागली.

याचा निकाल १९९० साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या गावांत हे काम झालं, तिथे न्यूमोनियाने दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी राहिलं. उपचार मिळालेल्या शंभर मुलांमागे एकसुद्धा पुरतं दगावत नव्हतं. शेजारच्या भागात तेच तेरा-चौदा होतं.

पण एक गोष्ट उरलीच. अगदी नवजात बाळं अजून मरतच होती.

सातशे त्रेसष्ट बाळं

मग १९९५ साली त्यांनी एकोणचाळीस गावं घेतली. प्रत्येक गावातून एक बाई निवडली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली, गावातच राहणारी, घरोघरी चालणारी. तिला नाव दिलं आरोग्यदूत. शेजारची सत्तेचाळीस गावं तुलनेसाठी ठेवली. तिथे सरकारी सेवा होती तशीच चालू राहिली. शेतकी खात्याच्या भाषेत सांगायचं तर एक प्रयोगाचा प्लॉट आणि एक बांधापलीकडचा नेहमीचा प्लॉट. दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू सारख्याच काटेकोरपणे मोजायचे.

पहिलं वर्ष आरोग्यदूतांनी मुख्यतः बघण्यात आणि लिहिण्यात घातलं. जन्मलेल्या सातशे त्रेसष्ट बाळांच्या घरी त्या पुन्हा पुन्हा गेल्या, वजन केलं, ताप पाहिला, बाळ दूध कसं ओढतं ते पाहिलं. जे निघालं ते वाचून अंगावर काटा येतो. शंभरातली बेचाळीस बाळं अडीच किलोच्या आतली. निम्म्याहून जास्त बाळांना केव्हा ना केव्हा उपचारांची गरज पडली होती. आणि उपचार किती जणांना मिळाले? शंभरात तीनसुद्धा नाही, २.६. म्हणजे आजार होता, आजारी बाळ डोळ्यांसमोर होतं, पण आजारी आहे हे घरातल्यांना एकतर कळत नव्हतं, नाहीतर कळूनही बाहेर नेलं जात नव्हतं. सुतक, विटाळ, थंडी, नजर, रस्ता, पैसा. कारणं आपल्याला परकी नाहीत. ओल्या बाळंतिणीला सवा महिना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा नियम बाळंतिणीला विश्रांती म्हणून बरा. पण बाळ निळं पडलं तरी उंबरा ओलांडायचा नाही, हा त्याचा अर्थ कुणी केला?

बाळ आईबरोबर घरातून बाहेर पडत नसेल, तर उपचारच घरात गेले पाहिजेत. पुढचं सगळं या एका वाक्यातून उभं राहिलं.

आरोग्यदूत गरोदर बाईच्या घरी आधीपासून जाऊ लागली. बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहू लागली. सुईणीला हाकललं नाही, हे महत्त्वाचं. आई सुईणीच्या ताब्यात, बाळ आरोग्यदूताच्या ताब्यात, अशी वाटणी. बाळ रडलं नाही तर तोंड-नाक साफ करून तोंडावर बसणाऱ्या मुखवट्यातून हवा भरायची. लगेच कोरडं करायचं, गुंडाळायचं, आईच्या छातीशी द्यायचं. लहान वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायचं. मग पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी फेऱ्या. स्प्रिंगच्या काट्याला झोळी लावून वजन, काखेत थर्मामीटर.

बाळाच्या रक्तात जंतू पसरले, म्हणजे डॉक्टर ज्याला सेप्सिस म्हणतात ते झालं, की बाळ हां हां म्हणता जातं. त्याच्या खुणा आरोग्यदूतांना पाठ होत्या. चांगलं दूध ओढणारं बाळ ओढेनासं होतं. रडणं बारीक होतं किंवा थांबतं. हातपाय लुळे पडतात. अंग गार लागतं किंवा तापतं. छाती आत ओढली जाते. पोट फुगतं, उलट्या होतात. बेंबीत किंवा कातडीवर पू दिसतो. यातल्या एकापेक्षा जास्त खुणा दिसल्या की आधी दवाखान्यात न्या म्हणून सांगायचं. घरचे नेणार नसतील तर त्यांच्या संमतीने आरोग्यदूतच तोंडाने औषध आणि जेन्टामायसिनचं इंजेक्शन सुरू करी.

इथे मोठा वाद झाला. सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देते म्हणजे काय? वैद्यकीय क्षेत्रातल्या अनेकांना ते पटलं नाही. शंका अगदीच चुकीची होती असं म्हणता येणार नाही. इंजेक्शन म्हणजे खेळ नव्हे. पण जिथे डॉक्टर येतच नाही, तिथे कसोटी एकच. बाळं जगली की नाही?

जगली. कामाआधी, १९९३ ते ९५ या काळात, या गावांत हजार जन्मांमागे बासष्ट बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ साली हा आकडा २५.५ वर आला. बांधापलीकडच्या गावांत तो सत्तावन्न-अठ्ठावन्न होता, तो साठाच्या घरातच राहिला. सेप्सिस झालेल्या शंभर बाळांमागे आधी सोळा-सतरा जात होती, उपचार सुरू झाल्यावर तीनच्याही आत. खर्च बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दोनशे रुपयांच्या आसपास. डिसेंबर १९९९ मध्ये हे सगळं 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि नेपाळ, बांगलादेशापासून आफ्रिकेपर्यंतच्या लोकांनी त्याची दखल घेतली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळांच्या घरी भेटी द्या अशी शिफारस सगळ्या देशांना केली. २०११ साली आपल्या केंद्र सरकारने ते काम देशभरातल्या आशांकडे दिलं.

म्हणजे गडचिरोलीच्या खेड्यातल्या बायांनी जे केलं, ते फिरून आपल्या गावात आलं आहे. आपल्याला ते ठाऊक आहे का, एवढाच प्रश्न.

आशा घरी येते, म्हणजे नेमकं काय करते?

दवाखान्यात बाळंतपण झालं तर जन्मापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येणार. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन करणार, ताप पाहणार, बेंबी पाहणार, बाळ अंगावर नीट पितं का पाहणार. इंजेक्शनचं काम सरकारी योजनेत आशाकडे दिलेलं नाही. खुणा ओळखून वेळेत पुढे पाठवणं हे तिचं काम. २०१८ पासून त्याला आणखी पाच भेटींची जोड मिळाली. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात.

या भेटी कागदावर होतात की घरात, हे घरातल्या माणसालाच कळणार. आशा उंबऱ्यावर उभी राहून "बरं हाय का बाळ?" विचारून गेली तर ती भेट नव्हे. काटा बाहेर आला पाहिजे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे त्या सहा-सात भेटींचे मिळून अडीचशे रुपये, तेही वेळेवर मिळत नाहीत ही आशांची जुनी तक्रार आहे. मानधनासाठी २०२३ साली त्या राज्यभर संपावर गेल्या होत्या. माझं मत विचाराल तर पशुवैद्यक घरी आला की आपण चहा ठेवतो, आणि आशा आली की "उद्या ये, आता कामं हाईत" म्हणतो, हे काही बरोबर नाही. आणि काट्याची बॅटरी संपली म्हणून तीन महिने वजनं होत नसतील, तर ती आशाची चूक नसून ग्रामपंचायतीची आहे. असली किरकोळ खरेदी गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या निधीतून होते. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते पैसे गेल्या वर्षी कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारून पाहा. बऱ्याच ठिकाणी सतरंज्या निघतील.

आता ग्रामसेवकांसाठी एक गोष्ट. (पदनाम अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावाच्या तोंडी ग्रामसेवकच राहणार.) २००१ साली राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यूंचा अभ्यास केला. 'कोवळी पानगळ' या नावाने तो अहवाल निघाला. त्यात दिसलं की प्रत्यक्ष होणाऱ्या बालमृत्यूंपैकी मोठा भाग सरकारी नोंदीत येतच नव्हता. बाळ जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं, की दोन्ही नोंदी गायब. ना जन्म, ना मृत्यू. आजीबाईंच्या त्या बिननावाच्या बाळासारखं. कायद्याने एकवीस दिवसांत दोन्ही नोंदी व्हायला हव्यात. तालुक्याच्या बैठकीत "आमच्याकडे बालमृत्यू निरंक" असं सांगताना ती वही पुन्हा एकदा चाळून पाहावी. निरंक आकड्याला बक्षीस आणि खऱ्या आकड्याला नोटीस, असा कारभार वरून होत असेल तर खालचा माणूस खरं लिहिणार नाही, हेही वरच्यांनी लक्षात घ्यावं.

जगलं, आता वाढायला नको का?

राज्यात बालमृत्यू कमी झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे सोळा बाळं वर्षाच्या आत दगावत होती, देशात अठ्ठावीस. पण जगलेलं मूल वाढतं का? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. तीनातलं एक. मूल खुजं राहणं म्हणजे नुसती उंचीची गोष्ट नव्हे. पिकाला पहिल्या महिन्यात ताण बसला तर पुढे कितीही खत टाका, ते भरून निघत नाही. मुलाचं तसंच. पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतचे हजार दिवस हाच त्याचा फुटवे धरायचा काळ. मेंदूची वाढही याच काळात सर्वांत वेगाने होते.

यात आहाराचा भाग आपल्या कानावरून गेलेला आहे. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, खिचडी, कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल किंवा तूप. अंडं चालत असेल तर अंडं. नुसतं वरणाचं पाणी पाजून मूल वाढत नाही, ते पाणीच असतं. हगवण लागली तर खाणं बंद करायचं नाही. क्षारसंजीवनी, जस्ताच्या गोळ्या आणि खाणं तिन्ही चालू. आणि एक गोष्ट पुरुष मंडळींनी ऐकावी. अडीच किलोच्या आतलं बाळ होतं त्याचं एक मोठं कारण गरोदर बाईचं खाणं आणि काम. रोवणीत, नाहीतर कापूस वेचणीत नवव्या महिन्यापर्यंत कंबर वाकवून राबायचं आणि घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलं तर खायचं. गाभण म्हशीला आपण पेंड वाढवतो. एवढं सांगितलं तरी पुरे.

दुसरा भाग मात्र आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. तो आला जमैकातून. वेस्ट इंडीजमधलं हे छोटं बेट आपल्याला माहीत ते क्रिकेटमुळे. १९८६-८७ साली तिथे किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत एक प्रयोग झाला. नऊ महिने ते दोन वर्षांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. त्यांचे चार गट. एका गटाला दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, वस्तीतलीच आरोग्यसेविका जाई आणि आईला मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवी. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला यातलं काही नाही. खेळणी विकतची नव्हती. रिकाम्या बाटल्या, खोक्यांचे तुकडे, चित्रं, असलीच घरी केलेली. हे दोन वर्षं चाललं आणि थांबलं.

तुम्ही म्हणाल, खेळून कुणाचं पोट भरलंय? प्रयोग करणारे चिकाटीचे. त्यांनी ती मुलं सोडली नाहीत. मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा पुन्हा गाठून विचारपूस केली. ज्यांच्या आयांना खेळायला-बोलायला शिकवलं होतं, ती मुलं जास्त शिकली होती आणि इतरांपेक्षा पंचवीस टक्के जास्त कमवत होती. एकतिसाव्या वर्षी पाहिलं तर फरक सदतीस टक्क्यांवर गेलेला. नुसत्या दुधाच्या पिशव्या मिळालेल्या गटाला असा लांबचा फायदा दिसला नाही. याचा अर्थ अंगणवाडीचा आहार बंद करा असा नाही, कुणी तो काढू नये. उपाशी मूल खेळत नाही. पण खाऊ घालून कोपऱ्यात बसवलेलं मूलही पुरतं वाढत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायचा.

आपल्याकडे हे परकं आहे का? आजीच्या मांडीवर अडगुलं-मडगुलं करणारं मूल काय करत होतं? वाटीवर चमचा आपटणं, चिंध्यांची बाहुली, "हा काऊ, ही चिऊ", हे सगळं तेच. फरक एवढाच की आता आई मजुरीला, आजी शेळ्यांमागे, आणि मूल ओसरीवर मोबाइलसमोर. रडलं की मोबाइल हातात. मोबाइल मुलाशी बोलतो, पण मुलाचं ऐकत नाही. बापाने संध्याकाळी पारावर जाण्याआधी अर्धा तास लेकराशी गप्पा मारल्या तर त्याला बजेट लागत नाही. मूल अजून बोलत नाही म्हणून त्याच्याशी बोलायचं नाही, ही समजूत तेवढी सोडायची. बैलसुद्धा आपली हाक ओळखतो, तो काय व्याकरण शिकलेला असतो?

अंगणवाडीताईंचं कामही इथे आलं. तिच्याकडे मुलाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषित. त्याला नुसता खाऊ पुरत नाही, उपचारही लागतात. सरपंचांनी महिन्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन अशी मुलं किती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे दोन प्रश्न विचारले तरी बरंच हलतं. २००५ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने असलंच विचारणं गावपातळीपर्यंत नेलं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण राज्यात २००५-०६ साली ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत तेविसाच्या आसपास आलं. श्रेय एकट्या मिशनचं नसेल, पण वरून खालपर्यंत विचारणा चालू असली की यंत्रणा हलते हे त्या वर्षांत दिसलं. पुढची पाहणी पाच वर्षांखालच्या मुलांची, त्यामुळे आकडे सरळ जुळवता येणार नाहीत. तरी ३५ टक्के हा आकडा कुणाला झोप लागू देणारा नाही.

ज्या गावात चावडीवर ती आजी भेटली होती, तिथे नंतर एकदा जाणं झालं. आजींच्या नातसुनेला मुलगी झालेली, चौदावा दिवस. आशाताई ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या, झोळी काट्याला अडकवलेली, झोळीत मुलगी हातपाय झाडत. आजी काट्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होत्या. त्यांना आकडा वाचता येत नाही.

"किती भरलं गं?"

"दोन किलो आठशे, आजी. मागल्या खेपेपेक्षा दोनशे जास्त."

"मंग तिथं लिव्ह की," आजी वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आन् नावबी घाल तिचं."